उजवं बटण

(सोलापुरातली एक कापडगिरणी, १९७४. मॅनेजर विरुपाक्षची केबिन. समोर कांड्या भरायच्या खात्यातली मीनाबाई उभी, डाव्या हाताला बँडेज. खुर्चीत विरुपाक्षची थोरली बहीण कमलम्मा, कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी.)

विरुपाक्ष : एवढंच म्हण, मीनाबाई, की माझं लक्ष नव्हतं. उद्यापासून कामावर ये.

मीनाबाई : लक्ष व्हतं सायेब. बोट अडकल्यालं दिसलं म्हनून तर बटन दाबलं की!

विरुपाक्ष : चुकीचं दाबलंस.

मीनाबाई : थांबायचं सोडून मशीन जोरात पळालं. दोन बोटं गेली माजी. आन वर मीच निष्काळजी?

कमलम्मा : विरू, जुन्या मशीनवर उजवं बटण कशाचं होतं?

विरुपाक्ष : बंद करायचं. पण अक्का, तुला मी बायकांना सावधपणावर चार शब्द सांगायला बोलावलंय. माझी उलटतपासणी घ्यायला नाही.

कमलम्मा : आणि नव्यावर?

विरुपाक्ष : वेग वाढवायचं. बंदचं डावीकडं. वर ठळक लिहिलंय.

मीनाबाई : विंग्रजीत.

कमलम्मा : मराठीत असतं तरी काय उपयोग? घाबरलेला माणूस वाचत बसतो का? हात सवयीच्या जागी जातो. ह्यांचं अख्खं तारुण्य उजवीकडं हात नेण्यात गेलं, आणि तुम्ही एका सकाळी बटणांची अदलाबदल केलीत! वर दोन्ही काळी, एकाच मापाची.

विरुपाक्ष : शिकवलं होतं सगळ्यांना.

मीनाबाई : व्हय, शिकवलं व्हतं. आजून तोंडपाट हाय मला, डावं बंद. पर हाताला कुटं ठावं?

कमलम्मा : मोटारसायकल विकून स्कूटर घेतलीस, आणि नव्या पेठेत साडीच्या दुकानात घुसलास. का रे?

विरुपाक्ष : ब्रेक दुसऱ्या पायाला होता. घाईत जुनाच पाय दाबला गेला.

कमलम्मा : घरी येऊन स्कूटर बनवणाऱ्याला लाखोली वाहिलीस. ‘माझं लक्ष नव्हतं’ असं म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही.

विरुपाक्ष : अक्का, वरचे लोक जाब मला विचारतात. लाखाच्या मशीनला दोष दिला तर माझी खुर्ची जाईल.

मीनाबाई : खुर्ची दुसरी मिळंल की सायेब.

विरुपाक्ष : ...बरं. काही कबूल करू नकोस. घड्या घालायच्या खात्यात घेतो तुला. झालं?

मीनाबाई : न्हाय. त्या मशीनवर आत्ता कोन हाय?

विरुपाक्ष : नागूबाई.

मीनाबाई : माज्याबरूबरच कामाला लागलीया ती. तिचा बी हात उजवीकडंच जानार!

विरुपाक्ष : बटणं बदलून घेतो. फिटरला पुढच्या आठवड्यात सांगतो.

कमलम्मा : विरू!

विरुपाक्ष : ठीक आहे, ठीक आहे. आत्ताच बंद करायला लावतो. तू बस तरी, मीनाबाई. केव्हाची उभी आहेस.

मीनाबाई : त्या मशीनचा आवाज वळकू येतो मला, सायेब. थांबला की बसते.