फरहीनने नाव काहून नाही दिलं

वाचनालयाचं हे सभागृह आजच्या कार्यक्रमासाठी मोकळं करून देणारे सन्माननीय अध्यक्ष बाबूलालजी राठोड. मालेगावहून वेळात वेळ काढून आलेल्या प्राचार्य मॅडम. जिचा सत्कार आणि निरोप आपण एकाच शालीत उरकतो आहोत ती आपली फरहीन. व्यासपीठावर बसायला तयार न झालेले आणि म्हणून शेवटच्या रांगेत सापडलेले तिचे अब्बा मेहबूबभाई आणि आई मेहरबी. आणि पंखा ज्या बाजूला आहे त्या बाजूला दाटीवाटीने बसलेल्या तमाम मेडशीकर बंधूभगिनींनो, आपणा सर्वांना माझा सविनय जय भीम, आदाब आणि राम राम.

मी इंद्रभान खंडारे. एसटीत कंडक्टर होतो, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. जुन्यांना माझा आवाज पुरतो. बोलायला यालाच का उभं केलं, असा प्रश्न काही जणांना पडला असेल. पडलाच असेल. कारण या मुलीने माझ्या मुलाचं काम अडवलं आणि त्यानंतर त्याची पुण्याची नोकरी गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. घरून निघताना आमच्या लिलाबाईंनी बजावलं, "हार घाला, दोन गोड शब्द बोला अन् खाली बसा. रवीच्या नोकरीचं काढू नका." रवी नागपूरहून आला आहे, तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचंही म्हणणं तेच. दोघांचाही पूर्ण मान राखून मी तेच काढणार आहे.

पण आधी ही मुलगी करते काय, ते सांगायला हवं. कोणाचा मोबाइल अडकला की तो उचलून फरहीनकडे नेतात, आणि तीही बिचारी पाहून देते. तिचं काम ते नाही. संगणकाचं बटण दाबलं की पडद्यावर काही दिसायच्या आधी आत एक मूळ व्यवस्था जागी होते, तिला कर्नेल म्हणतात. जागी झाल्यावर तिचं पहिलं काम मेमरीचं. मेमरी म्हणजे आतली काम करायची जागा. ती किती आहे ते पाहायचं, साफ करायची, कोणती कोणासाठी राखून ठेवायची ते ठरवायचं, आणि मगच बाकीच्यांना आत घ्यायचं. आज सकाळी या सभागृहाचं आपण हेच केलं. कालच्या बारशाच्या पत्रावळी उचलल्या, पहिली रांग पाहुण्यांसाठी राखली, मग दार उघडलं. नाही तर मॅडम कोणाच्या तरी वरणावर बसल्या असत्या. माफ करा मॅडम, समजावून सांगण्यासाठी म्हटलं.

तर हा कर्नेल कोणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं त्यात बदल सुचवतात, आणि सुचवलेला बदल कोणीतरी तपासतं. मेमरी साफ करण्याचा जो भाग आहे, तो तपासणाऱ्या मोजक्या माणसांत आपली फरहीन आहे. कुठे बसून? तर मेहबूबभाईंच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत. खाली पाणी ओढायच्या मोटारी, वर हे. या तपासणीची रीत अशी की सगळं ईमेलवर आणि सगळं उघड्यावर. कोणी काय सुचवलं, कोणी काय चूक काढली, जगात कोणालाही वाचता येतं. तपासणाऱ्याची खात्री पटली की तो खाली स्वतःचं नाव घालतो, की हे मी तपासलं आहे.

आमचा रवी पुण्याच्या एका कंपनीत लागला होता. कायम व्हायचा होता. साहेबांनी त्याला एक बदल करायला दिला, संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून. हा बदल या फेरीत, म्हणजे कर्नेलच्या येत्या आवृत्तीत, गेला तर तू कायम, असं सांगितलं. रवीने मेहनत केली, काम पाठवलं, आणि तपासायला कोणाकडे आलं? दोन गल्ल्या पलीकडच्या फरहीनकडे. आमच्या घरात तर सणच. लिलाबाई म्हणाल्या, आता काय, आपलीच पोरगी हाये. आपल्याकडे कचेरीत ओळखीचा माणूस निघाला की आपण अर्धं काम झालं असंच धरतो ना? आम्ही तर पूर्ण धरलं.

फरहीनने लिहिलं की मी नाव देऊ शकत नाही. इंग्रजीत लिहिलं, सभ्य लिहिलं, पण सगळ्या जगासमोर लिहिलं. रवीने फोन करून ते मला सांगितलं. मला राग आला. का येऊ नये? ज्या मुलीला कडेवर घेऊन मी यात्रा दाखवली, तिने माझ्या मुलाची चूक चारचौघांत मांडावी? आपल्या माणसाला आपण घरात बसवून, चहा देऊन सांगतो. मी तडक दुकानात गेलो. मेहबूबभाई मोटारीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "भाऊ, मी बी तिले बोललो. घरात अबोला होऊन राह्यला. तुमीच वर जाऊन पाहा."

वर गेलो आणि विचारलं, "बेटा, रवीले फोन करता आला असता. दुनियेसमोर काहून?"

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "काका, फोनवर सांगतलं असतं तं रवी एकट्याले समजलं असतं. हाच बदल दुसऱ्या कोणी उचलून वापरला, तं त्याले कोण सांगीन?"

मी म्हटलं, "बरं, झालं ते झालं. तुह्यं नाव तेवढं लिहून दे. त्याची नोकरी अडून राह्यली."

तिने मला खुर्ची दिली. आणि मग म्हणाली, "तुमी एसटीत होते. मागचं दार न पाहता डबल बेल देली काय कधी?"

 डबल बेल झाली की ड्रायव्हर मागे वळून पाहत नाही, तो गाडी काढतो. पायरीवर कोणाचा पाय राहिला असेल तर ते कंडक्टरच्या माथी. मी बसलो. 

मग तिने दाखवलं. कोपऱ्यात एक जुना संगणक होता, ना बॅटरी ना काही, थेट भिंतीतल्या प्लगमध्ये. रवीचा बदल त्यात घातला होता. तिने तो चालू केला. छान सुरू झाला. मी लगेच म्हणालो, "चालून राह्यला ना." तिने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि क्षणात परत चालू केलं. आपली लाईन कशी डोळा मिटून उघडते, तसं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि यंत्र जागीच थिजलं. पुन्हा केलं, पुन्हा थिजलं. मी विचारलं, हे काय झालं?

"लाईन बराच वेळ गेली तं मेमरीतलं जुनं पुसून जाते. झटका देऊन लगेच आली तं जुनं तिथंच राह्यते. रवीनं साफसफाई काढून टाकली, जागा कोरीच हाये असं धरून."

"मंग पुण्यात कसं काय चाललं?"

"संगणकाच्या आत बनावट संगणक करता येते, त्याची जागा दरवेळेस कोरीच राह्यते. त्यानं त्याच्यावर पाह्यलं. अन् हापिसातल्या यंत्रावर पाह्यलं. तिथं लाईन जात नाई, काका."

मंडळी, खरं सांगतो, त्या क्षणी मला फरहीनचा राग राहिला नाही, रवीचा आला. अरे, तू मेडशीचा. सामन्याचं शेवटचं षटक तू लहानपणी कधी सलग पाहिलं नाहीस. तुझी आई अर्ध्या दळणावर थांबलेल्या गिरणीसमोर किती वेळा ताटकळत बसली? आणि चार वर्षं इन्व्हर्टरच्या इमारतीत राहिलास तर लाईन जाते, हेच विसरलास? तो बदल तसाच गेला असता तर कुठे कुठे गेला असता, याचा विचार करा. दाखले काढायच्या केंद्रात, शाळेच्या खोलीत, आपल्यासारख्या गावातल्या दवाखान्याच्या टेबलावर. तरी बाप आहे मी. घरी येता येता मनाची समजूत घातली, की पोराचं काम चांगलंच होतं, या आपल्या मेल्या लाईनीने बिघडवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फेरी संपली, कंपनी थांबली नाही, रवी बॅग घेऊन घरी आला. आणि बस थांब्यावरच्या हॉटेलात सुरू झालं, की फरहीनने पोराच्या पोटावर पाय दिला. काहींनी त्यात धर्म आणला. ते शब्द मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. ज्यांनी उच्चारले ते इथे बसले आहेत आणि त्यांना ते आठवत आहेत. आमच्या गल्लीतल्या मोटारी मेहबूबभाईंकडे जायच्या बंद झाल्या. मी माझी तिथेच टाकत राहिलो, पण एका मोटारीने दुकान चालत नाही.

आणि ज्याची नोकरी गेली तो काय करत होता? काही दिवस तो घरातच पडून होता. मग एका सकाळी जेवण न करताच उठला आणि दुकानाच्या वरच्या खोलीत गेला. तिथे दोघांची जी वादावादी चालायची, ती खाली मोटारीच्या आवाजातही ऐकू यायची. मेहरबी चहा घेऊन जायच्या आणि दाराशीच ठेवून परत यायच्या. रवीने काम नव्याने केलं. फरहीनने तेही परत केलं. त्याने पुन्हा केलं. तोच जुना संगणक, तेच भिंतीवरचं बटण, बंद, चालू, बंद, चालू, मेहबूबभाई खालून ओरडायचे की बटण उखडून येईल. शेवटी यंत्र थिजायचं थांबलं, आणि तिने खाली आपलं नाव घातलं. आज तो बदल कर्नेलमध्ये आहे. वर रवीचं नाव, खाली हिचं.

पण पुण्याची जागा काही परत आली नाही. रवी आता नागपूरला आहे, लहानसं ऑफिस आहे. सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. मला अजून वाईट वाटतं. लिलाबाईंना माझ्यापेक्षा जास्त वाटतं. आणि पुढे चांगलं झालं म्हणून फरहीन बरोबर, असंही माझं म्हणणं नाही. रवी आजही घरीच बसलेला असता तरी ती बरोबरच होती.

हे मी तिला तिच्या घरी जाऊन सांगू शकलो असतो. पण घरी सांगितलं असतं तर तिला एकटीलाच समजलं असतं. उद्या ती जर्मनीला नोकरीवर जाईल. मेहबूबभाई आणि मेहरबी इथेच राहणार आहेत, याच गावात, याच बोलण्यात. म्हणून चारचौघांत सांगतो. या मुलीने माझ्या मुलाची नोकरी घालवली नाही. त्याच्या कामात चूक होती, तारीख जवळ होती, कंपनी थांबली नाही. एवढंच झालं. कोणी विचारलं की हे कोण म्हणतं, तर बापाचं नाव सांगा. इंद्रभान खंडारे.

मला वाटतं वेळ झाली. अध्यक्ष मघापासून घड्याळाकडे न पाहता पाहत आहेत. शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, की चुकलंमाकलं पोटात घाला. आज ते म्हणायला जीभ वळत नाही. फरहीन, तुझ्या कामातलं मला काय कळतं? मी इतकं बोललो, त्यात काही चुकीचं असेल तर पोटात घालू नकोस. इथेच सांग, सगळ्यांसमोर.

हं, बोल बेटा. माईक नको? बरं.

मागे ऐकू आलं नसेल, म्हणून ती म्हणाली तेच मी सांगतो. म्हणते, "काका, लाईनीनं काही बिघडवलं नाई. बिघाड आधीच होता. लाईनीनं तो फक्त दाखवला."

दुरुस्ती मान्य आहे. मघाशी लाईनीला दिलेला दोष मी मागे घेतो. आता इथून जाताना ज्यांना बस थांब्यावरच्या हॉटेलात चहा घ्यायचा असेल, त्यांनी ही मुलगी आत्ता जे बोलली ते तिथे जसंच्या तसं सांगावं, आणि लाईनीपाशी थांबू नये; तेच या मुलीलाही लागू आहे.

अध्यक्षांचे, मॅडमचे आणि इतका वेळ शांत बसल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. जय भीम.