चार चहाचं पुस्तक

धाकटी : ताई, मी टपाल कचेरीत गेले तेव्हा या फळीवर एकेचाळीस पुस्तकं होती. आता एक पुस्तक आहे, एक खोडरबर आहे आणि तुझा चष्मा आहे.

ताई : दे तो चष्मा इकडे. सकाळपासून शोधतेय.

धाकटी : बाकीची चाळीस?

ताई : विकली! एका दमात. तू नुसती गिऱ्हाइकाची वाट बघत बसतेस. म्हटलं, बहिणीकडे आलेय तर जरा दुकान चालवून दाखवावं.

मोजपट्टी : आई, खोडरबराचं पण सांग मावशीला.

ताई : तू गप्प बस गं.

धाकटी : खोडरबराचं काय?

ताई : काय म्हणजे? तुझ्या किमती खोडल्या नि माझ्या लिहिल्या. बघवेना मला! रद्दीच्या ढिगात बसून एकेक पुस्तक निवडते, धूळ झटकते, पानांचे दुमडलेले कोपरे सरळ करते, खोक्यात भरून तुला पाठवते. आणि तू त्याला बारा चहा लावतेस?

धाकटी : बारा काय?

मोजपट्टी : चहा. तुमच्या दोघींची नाणी वेगळी, तुलना होईना. म्हणून मी माप ठरवलं. तिथल्या टपरीवर एका कपाला जे पडतं, तो तिथला एक चहा. इथल्या कपाला जे पडतं, तो इथला. जे पुस्तक आईच्या दुकानात चार चहाला जातं, ते तुझ्याकडे बाराला.

धाकटी : अगं, ही घरात पण असंच सगळं मोजते?

ताई : मोजपट्टी नाव उगाच नाही पडलं. वाढदिवसाचा केक हिने कोनमापक लावून कापला होता. पण तू विषय बदलू नकोस. तिप्पट भाव! कुठं फेडशील?

धाकटी : किती गिऱ्हाइकं आली होती?

ताई : एकच. पण काय रसिक माणूस! एकेक पुस्तक उघडून वास घेत होता. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, पण बोटांवर सगळा व्यवहार झाला. दोन पिशव्या माझ्याच दिल्या त्याला. चहा पाजला.

धाकटी : उंच? मिशीला टोकं काढलेला? चष्मा कपाळावर?

ताई : ओळखतेस का तू?

धाकटी : चौकात त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे.

ताई : ...काय सांगतेस!

धाकटी : दर महिन्याला येतो, माझे भाव बघतो, नाक मुरडतो नि जातो. आज त्याला घबाड मिळालं.

मोजपट्टी : मी पाव आणायला गेले होते ना, तेव्हा बघितलं. अकरा पुस्तकं त्याच्या काचेत लागलीत. एकेक तेरा चहाला.

ताई : तेरा! मेल्याने साखर मागून घेतली होती गं माझ्याकडून!

धाकटी : हस आता. मला पण हसू येतंय, पण रडायला पाहिजे. अख्खी फळी गेली.

ताई : चाळीस माझ्या डोक्यावर. घरी गेले की चाळीस भरून पाठवते. पण धाकटे, ते शेवटचं खोकं.

धाकटी : म्हणजे?

ताई : म्हणजे त्यानंतर बंद. तो तेराला विकतो, तू बाराला. फरक काय तुमच्यात? एक मिशी. मी पुस्तकं वाचायला पाठवते, लोकांच्या माना कापायला नाही.

धाकटी : ताई, खोकी बंद तर दुकान बंद. मस्करी करत नाहीये मी. इथे मला जुनी पुस्तकं आणून देणारं कोणी नाही. तुमच्याकडे घरं लहान, नवं कपाट घेतलं की जुनी पुस्तकं बाहेर. इथे घरं ऐसपैस. आजोबांची पुस्तकं माळ्यावर असतात आणि नातवाला ती आहेत हेसुद्धा ठाऊक नसतं.

ताई : म्हणून तिप्पट?

धाकटी : तुझ्या खोक्याला टपाल किती पडतं माहितीये? प्रत्येक पुस्तकामागे तीन चहा तिथेच गेले. मग ते या फळीवर बसतं. वर्ष, सव्वा वर्ष. त्याच्या बसण्याचं भाडं मी भरते. तुझं दुकान तर जिन्याखाली, भाडं नावाला. बाराला विकून माझ्या हातात काय उरतं, तर दीड चहा. तोही बिनसाखरेचा.

ताई : हे मला कधी सांगितलं नाहीस.

धाकटी : तू कधी विचारलं नाहीस. थेट खोडरबर घेतलंस.

मोजपट्टी : मला एक विचारायचंय. मिशीवाल्याने चाळीस नेली आणि हे एकच का ठेवलं?

ताई : शेवटचं पान बघून त्याने तोंड वाकडं केलं. कीड लागलीय असं काहीतरी खुणेने सांगत होता.

धाकटी : बघू. ठिपके आहेत. एक, दोन... सात. शाईचे.

ताई : कीड कसली, माझे ठिपके ते! बाकीची रद्दीतून थेट तुझ्याकडे आली. हे एकच माझ्या दुकानात फिरलेलं. पुस्तक एकदा परत आलं की एक ठिपका.

धाकटी : परत आलं की?

ताई : चारला द्यायचं, वाचून परत आणलं की दोन परत द्यायचे. सगळ्यांना सवयच आहे. एक आजी तर पुस्तक परत आणतात नि ठिपका मी नीट काढतेय ना हे वाकून बघतात.

मोजपट्टी : थांबा. प्रत्येक फेरीला दोन चहा आईकडे राहिले. सात फेऱ्या. चौदा.

ताई : काय चौदा?

मोजपट्टी : या एका पुस्तकावर तू चौदा चहा मिळवलेस आई. मावशी बारा मिळवणार होती. मिशीवाला तेरा. सगळ्यात महाग दुकान तुझं आहे.

धाकटी : अगं बाई! ताई, कुठं फेडशील?

ताई : ए, हसू नकोस! वाचणाऱ्याला दोनच पडले की नाही? सात जणांनी वाचलं ते!

मोजपट्टी : तेच म्हणतेय. पुस्तक दोन्हीकडे साधारण तेवढंच कमावतं. तिथे सात जण मिळून देतात, इथे एकट्याला द्यावं लागतं. इथे ते एकदाच विकलं जातं म्हणून महाग.

ताई : मग इथे का नाही फिरवत?

धाकटी : इथे कोणी परत आणत नाही गं. पुस्तक विकत घेतलं की ते त्यांचं. तशी रीतच नाही.

ताई : कोणाला विचारलंस कधी?

धाकटी : ...नाही.

ताई : बघ! आणि मला म्हणते थेट खोडरबर घेतलंस.

मोजपट्टी : मावशी, किंमत बाराच ठेव. परत आणलं तर आठ परत दे. ठेवून घेतलं तर तुझं भाडं सुटलं. परत आणलं तर वाचणाऱ्याला चारच पडले, आणि तीन फेऱ्यांत तुझे बारा होतात.

धाकटी : आणि तीन फेऱ्या झाल्याच नाहीत तर?

मोजपट्टी : ते मला माहीत नाही. करून बघावं लागेल.

ताई : मी पाठवते ती चाळीस या फळीवर लाव. सहा महिने. विकलेल्यातली निम्मी परत आली तर खोकी चालू. नाही आली तर तू आणि तो मिशीवाला एकत्र दुकान काढा.

धाकटी : निम्मी? ताई, पाव म्हण ना. शहर नवीन, रीत नवीन.

ताई : आमच्याकडे दहातली आठ येतात. निम्मी म्हणजे मी आधीच माया केलीय.

धाकटी : बरं. पण ठिपके पेन्सिलीने. नाहीतर सगळे म्हणतील कीड लागली.

ताई : शाईनेच. कोणी विचारलं तर सांगायचं, तेवढं बोलणं तरी होईल. आणि आता चल, चहा टाक. खरा.

(सहा महिन्यांनी. फोनवर.)

ताई : अगं, नुसती हसतेस काय? खोकं भरून दारात ठेवलंय, टपालवाला खाली उभा आहे. देऊ की नको?

धाकटी : आधी सांग, आत काय काय भरलंस?

ताई : मुळीच नाही सांगणार. परत किती आली ते बोल!

धाकटी : तुझ्या लेकीला दे फोन. तू अर्धं ऐकून ओरडशील.

ताई : घे गं. तुझ्याशीच बोलायचंय तिला.

मोजपट्टी : बोल मावशी. सांग एकेक.

धाकटी : फळीवर ठेवलेली, चाळीस.

मोजपट्टी : हं.

धाकटी : विकली गेलेली, एकतीस.

मोजपट्टी : हं. म्हणजे निम्मी साडेपंधरा. पुढे?

धाकटी : परत आलेली, अठरा.