मंगळवारचं प्रेशर

सिस्टर : काका, पट्टा बांधायच्या आधी खरं सांगा. गोळी घेतलीत?

काका : आधी टेका तरी. आज दोघं एकदम? मंगळवार हिचा, शनिवार तुझा. वार चुकला की काय रे, औषधवाल्या?

औषधवाला : नाही काका, मुद्दामच आलो.

काका : आणि ती गुडघेवाली?

सिस्टर : फिजिओची? तिची आज परीक्षा आहे. विषय बदलू नका.

काका : म्हणजे तुमची एकमेकांशी ओळख आहे होय! मला वाटलं, नर्सिंग, औषधं, फिजिओ, तीन कॉलेजांची तीन तोंडं तीन दिशांना.

औषधवाला : तशीच होती. पण सरांनी आता आमचा एक गट केलाय. वस्तीतल्या लोकांना प्रेशरची माहिती तिघांनी मिळून द्यायची. शनिवारी संध्याकाळी पोस्टर करायला बसलो आणि जो तो आपापल्या पेशंटचं रडगाणं गायला लागला.

सिस्टर : मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं प्रेशर काही केल्या उतरत नाही.

औषधवाला : मी म्हटलं, माझेही एक काका आहेत तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं तर झकास असतं. दोन्ही काका एकच निघाले.

काका : म्हणजे पोस्टर राहिलं बाजूला, माझ्याच चहाड्या केल्यात.

सिस्टर : हसू नका. तुमचं प्रेशर मंगळवारीच कसं चढतं?

काका : तुला बघून चढत असेल.

सिस्टर : काका!

औषधवाला : मी येऊन गेलो की गोळी बंद करता ना? आणि मंगळवारी ही गेली की पुन्हा सुरू.

काका : रोज कुठे बंद असते? रविवार, सोमवार. उगाच वाढवून सांगू नकोस.

सिस्टर : अहो, असं करत राहिलात तर एक दिवस तोंड वाकडं होईल, हातपाय लुळे पडतील. इथे जमिनीवर पडून राहाल आणि कोणाला कळणारसुद्धा नाही!

काका : मंगळवारी कळलं असतं.

(मोरीतला नळ ठिबकतोय. सिस्टर पट्टा खाली ठेवते.)

सिस्टर : कधीपासून चाललंय हे?

काका : पहिल्यांदा आलीस तेव्हा ते खरंच वाढलेलं होतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा येते म्हणालीस, आलीसही. मग एकदा नीट भरलं. तू खूश! म्हणालीस, शाब्बास काका, आता महिन्याभराने बघू. काय सांगू तुला, तुझी काकू गेल्यापासून एवढा लांब महिना मी पाहिला नव्हता.

औषधवाला : मुलगा फोन करतो ना रोज?

काका : करतो की. गाडी चालवताना. मी तोंड उघडलं की हॉर्न वाजतो. त्याला दोष नाही, पोटामागे धावतोय बिचारा. मी आयुष्यभर लिफ्ट चालवली, पोरांनो. कोणी दोन मजल्यांपुरतं बोलायचं, कोणी सहा. तेवढ्यावर भागायचं माझं.

सिस्टर : मग मला सांगायचं ना, नुसतं भेटायला ये म्हणून.

काका : आली असतीस?

सिस्टर : आले असते.

काका : अगं, एवढी घरं तुझ्या डोक्यावर. ज्याचं बरं चाललंय त्याच्याकडे कोण फिरकतं?

औषधवाला : काका, आता आम्ही तिघं एकत्रच येणार. प्रेशर, गोळ्या, गुडघे, सगळं एकाच खेपेत.

काका : दर आठवड्याला?

औषधवाला : महिन्यातून एकदा. सरांनी तसं ठरवलंय.

काका : म्हणजे मंगळवार गेला, शनिवार गेला, गुडघेवालीचा गुरुवारही गेला. आधी एकमेकांची तोंडं बघत नव्हतात तेच बरं होतं की रे.

सिस्टर : मी सरांशी बोलते.

काका : बोल. पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. ते काम मी पुष्कळ केलंय.

सिस्टर : आणि गोळी?

काका : घेतोय. रविवारी सकाळी तू फोन करून विचारलंस ना, काका, गोळी घेताय ना? आवाजावरूनच ओळखलं, चोरी पकडली गेली. तेव्हापासून एकही चुकवली नाही.

सिस्टर : मग आज नीटच येईल.

काका : येईल. मशीन कशाला खोटं बोलेल?

औषधवाला : द्या काका हात. चटकन मोजून टाकू.

काका : थांब रे. आधी तिला मोजू दे. मग जरा बसू. मग तू मोज.