वहिनी सिस्टीममध्ये शिरते तेव्हा

हॅलो?… आत्या! तुलाच लावणार होते गं, तेवढ्यात तुझाच आला.

…सर्दी नाही, आवाज बसलाय. काल दुपारभर ओरडत होतो सगळे… अगं, भांडून नाही! खेळताना.

हो, तोच फाशांचा खेळ, भविष्यातल्या शहराचा. गोष्ट मी चालवते, दादा आणि बुटक्या बंदूकवाले, वहिनी हॅकर… बुटक्या गं, दादाचा मित्र, सहा फूट उंच… हां, तोच.

तू म्हणालीस तसंच केलं… काय म्हणजे? विसरलीस? तू पण ना! अगं, वहिनी खेळातल्या एखाद्या कंपनीच्या सिस्टीममध्ये शिरली की अर्धा तास फक्त ती नि मीच बोलायचो. दादा मोबाईलमध्ये, बुटक्या चहा टाकायला. मागच्या वेळी दादा जांभई देत म्हणाला, "झालं की उठवा मला."

…हो ना! चेष्टेतच, पण वहिनीचा चेहरा एवढासा झाला. नंतर कप विसळताना मला म्हणते, "पुढच्या वेळी मी नको. माझ्यामुळे तुम्ही खोळंबता."

…तेच तर! लग्न होऊन नव्या गावात आली, इथे ओळखीचं काळं कुत्रंही नाही. एरवी विचारलं तेवढंच बोलणार. त्या टेबलापाशीच काय ती खुलायची. म्हणून तर रडत फोन केला होता तुला… रडत नव्हते? बरं, नव्हते.

तर काल… अगं ऐक ना! तू म्हणालीस, तिला लांब बसून हॅक करू देऊ नकोस, सगळ्यांबरोबर आत ने आणि एका वेळी एकच चाल दे. तसंच केलं. औषध कंपनीचं कोठार. कुलपं अशी, की तिथे जाऊनच तोडायची. वहिनीचा एक फासा, लगेच दादाची पाळी, मग बुटक्याची, की पुन्हा ती… छे! मोबाईल काढायला उसंत कुणाला?

हिने लिफ्ट बंद पाडली, अर्धे पहारेकरी आत अडकले, बाकीचे दारावर धडका देतायत. बुटक्याला गोळी लागलेली. दादा दाराला पाठ लावून उभा… नाही गं, खराखुरा! खुर्ची सोडून, आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला! आणि ओरडतोय, "तू कर तुझं, मी आहे इथे!"

…हो, आपला दादा! आणि ही म्हणते, "अजून दोन चाली द्या मला. दार सोडू नका." …वहिनीच! हुकूम सोडल्यासारखं.

…उघडलं ना कोठार! शेवटच्या फाशावर. बुटक्याने तिला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

नाही, आता कसली सोडतेय! सकाळी दादाला म्हणत होती, "तुझ्या पात्राच्या चष्म्यात कॅमेरा बसवू का? म्हणजे मी सिस्टीममध्ये असले तरी तुझ्याच नजरेने बघत राहीन." …दादा? लाजला, दुसरं काय.

आत्या, खरंच… नाही, ऐकूनच घे. तू नसतीस तर मी तिला "बरं" म्हणून मोकळी झाले असते. मग ती उठून गेलीच असती… बरं, नाही मानत आभार. पण मनात आहेत ते काढून कुठे टाकू?

थांब हं जरा… अगं, वहिनी आलीये, फोन मागतेय… शपथ! मी नाही सांगितलं. स्वतःहून हात पुढे केलाय तिने.

घे वहिनी. बोल.