वळतं पण कळत नाही

आजोबा: अगं, पण दोन्ही एकदम कशाला? धड एक तरी भाषा शीक. या वयात दोन दगडांवर पाय ठेवलास तर कंबरडं मोडेल.

आजी: नातवंडं दोन आहेत माझी. लेकीची पोरगी आसामात बोडो बोलते, लेकाचा पोरगा दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स. त्यातलं कोण सोडू, सांगा. तुम्ही मुकाट मशीनवर बटणांची काजं करा.

आजोबा: काजंच करतोय. हात गुंतलेत, तोंड रिकामं आहे. बघू, कुठलं पुस्तक ते?

आजी: हे लेकाकडचं, आफ्रिकान्स. वाचा ही ओळ.

आजोबा: माय हँड इज इन वॉर्म वॉटर. माझा हात कोमट पाण्यात आहे. हात्तिच्या! ही तर इंग्रजीच की!

आजी: लिहिलेलं तसं दिसतं. सूनबाईंनी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा एक अक्षर ओळखीचं वाटलं नाही. ‘मेय हान्ट’ का काहीसं, आणि मधूनमधून घशात खाकरल्यासारखा आवाज. मी तसा काढायला गेले तर पोरगं घाबरून आईमागे लपलं.

आजोबा: मग? कळतं, पण वळत नाही.

आजी: अगदी. आणि ‘नाही’ म्हणायचं तर दोनदा म्हणतात, एकदा मधे आणि एकदा शेवटी.

आजोबा: तू एकदाच म्हणतेस, पण शेजारच्या तीन घरांत ऐकू जातं. आता दुसरं दाखव.

आजी: हे बोडो. लेकीनं धाडलंय. बघा, आपलीच लिपी! काना, मात्रा, वेलांटी, सगळं आपलं. पाकीट फोडलं तेव्हा आनंदानं रडायचीच बाकी होते.

आजोबा: आणि मग?

आजी: मग काय! घडाघडा वाचता येतं आणि ओ की ठो कळत नाही. ओळखीचं दार उघडून आत जावं आणि घरात सगळी परकी माणसं बसलेली असावीत, तसं झालं.

आजोबा: ही अक्षरावरची बारीक टिकली कसली? टाका उसवल्यासारखी?

आजी: तिथं सूर बदलायचा म्हणे. एकच शब्द वर म्हटला तर एक अर्थ, खाली म्हटला तर दुसरा. आता मी चढायचं कुठं आणि उतरायचं कुठं!

आजोबा: जन्मभर बसस्थानकावर चढा-उतरा हेच तर सांगत आलीस.

आजी: थट्टा करा. पण माइकसमोर बसून किती गावांची नावं घेतली मी! एकही गाव पाहिलं नाही. तरी त्या आवाजावर माणसं आपापल्या घरी पोचलीच ना?

आजोबा: पोचली. आपली दोघं मात्र तेवढी लांब गेली.

आजी: त्यांना बोल नाही लावायचा. लेक दिवसभर दवाखान्यात ड्यूटीवर, पोर सासूबाईंच्या मांडीवर वाढतेय. मग ती त्यांचंच बोलणार. तिला घरात आबै आहे. त्याला तिकडे ओमा आहे. दोन्हींचा अर्थ आजीच. मी कोण? मागं लेकीनं विचारलं तिला, फोनवर कोण आहे सांग. काय म्हणाली ठाऊक आहे?

आजोबा: काय?

आजी: ‘फोनमधली बाई.’ लेक हसत हसत सांगत होती. मीही हसले. मग फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

आजोबा: मला नाही सांगितलंस.

आजी: तुम्ही तिचा फ्रॉक बेतत होता. उंची किती धरू, विचारत होता. मला तरी कुठं ठाऊक होती?

आजोबा: अंदाजानंच शिवतोय. शिलाईत दाब जास्त ठेवलाय, उसवून वाढवता येईल. कधीतरी अंगाला लागेल.

(फोन वाजतो. आजी स्पीकर लावते.)

लेक: आई, मी आलेय घरी. पण ही बघ, तुझं नाव काढताच पलंगाखाली गेली.

आजी: राहू दे. ओढू नकोस तिला. फोन जमिनीवर ठेव फक्त.

लेक: जमिनीवर? कशाला?

आजी: ठेव म्हणते ना. अहो, चष्मा द्या. तो नाही, वाचायचा. मशीन बंद करा.

आजोबा: घे. आणि पाणी पी आधी, घसा कोरडा पडलाय तुझा.

आजी: हत्तीचं चित्र आहे ना, तिथून बोडोतच सुरू करते. बाळा, ऐक हं. (वाचते.)

लेक: ...आई, थांबू नकोस. वाच, वाच. ती बाहेर आलीये. फोनला कान लावून पालथी पडलीये.

आजोबा: अगं, हसतेय ती, ऐक!

आजी: चित्रात कोंबडी हत्तीच्या पाठीवर बसलीये, तिथं हसली. का माझे सूर चुकले म्हणून?

लेक: दोन्ही असेल. आई, सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, घरी कोण आलंय म्हणून. मला... मला काय झालं सांगू? त्यांच्या भाषेत तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, तू इथंच बसलीयेस, खुर्चीत. किती दिवसांत असं वाटलं नव्हतं गं.

आजी: रडू नकोस, वेडे. मीही रडेन, मग अक्षरं दिसायची नाहीत. हं, पान उलटते... अगं बाई! पुढचं पानच नाही. शिवणीतून निसटलंय. अहो, पाकिटात बघा.

आजोबा: नाही. पाकीट रिकामं आहे.

लेक: अय्या! ते तिनंच फाडलं असणार. आई, ती विचारतेय, पुढे काय झालं?

आजी: तिला म्हणावं, मला नाही माहीत. तूच सांग.

लेक: सांगते... आई, उठून बसली! फोन हातात घेतलाय तिनं. घे, बोलतेय.

आजी: हं... हं... मग?... अगं बाई!... हं...

आजोबा: काय म्हणतेय गं?

आजी: काय माहीत!

आजोबा: मग हुंकार कसले देतेस? लेकीला विचार की अर्थ.

आजी: गप्प बसा हो जरा. माझ्याशी बोलतेय ती.