अकरा लेख आणि एक ‘बरं’

...आणि ती म्हणाली, ‘बरं.’

तुम्हीच सांगा, मुंगीच्या पायांना कुणी काठ्या बांधल्या तर त्यावर ‘बरं’ म्हणतात का? काही शास्त्रज्ञ वाळवंटात जाऊन बसतात, मुंगी वारुळापासून लांब आली की तिला धरतात, तिच्या सहाच्या सहा पायांना केसाएवढ्या काठ्या चिकटवतात आणि देतात सोडून. का, तर ती घरी कशी जाते ते बघायला! आणि मुंगी निघते हो, लांब लांब टांगा टाकत, आणि वारूळ ओलांडून पुढेच जाते... कारण ती पावलं मोजत असते! येताना जेवढी पावलं तेवढीच जाताना, पण आता टांगा लांब झाल्या, म्हणून घर राहिलं मागे आणि बाईसाहेब पुढे. हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो, घरात दोन फेऱ्या मारल्या, स्वतःची पावलं मोजत. आणि आमची ही टॉवेलची घडी घालत म्हणते, ‘बरं.’ कुठून कुठून शोधून काढतात लोक, आणि सांगावं लागतं कुणाला बघा.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस मुंग्यांवरून बायकोशी भांडतो.

मी मुद्रितशोधक. म्हणजे मजकूर छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका काढणारा. सव्वीस वर्षं झाली. आमचं एक मासिक आहे, छोटंसं, केस कापायला बसला असाल तेव्हा कधीतरी चाळलं असेल. त्यात आमचं स्वतःचं असं अक्षर नसतं. जगात जिथे जिथे काही वाचण्यासारखं छापून येतं, वर्तमानपत्रं, स्मरणिका, कुठल्या कुठल्या संस्थांची वार्षिकं, वाचकांनी पाठवलेली कात्रणं, त्या सगळ्यातून निवडून, लेखकाची परवानगी घेऊन, दर महिन्याला अकरा लेख. विषयाला बंधन नाही. एका पानावर गोगलगाय, दुसऱ्या पानावर कर्जरोखे, तिसऱ्यावर झोप का लागते. आणि ही निवड करायची थोरल्यांनी. थोरले म्हणजे आमचे संपादक, सगळे त्यांना तेच म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी एकट्याने निवड केली, दुसऱ्या कुणाला त्या गठ्ठ्याला हात लावू दिला नाही... आणि चार महिन्यांपूर्वी जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले.

मला घरी बोलावलं. म्हणाले, ‘पुढचा अंक तुम्ही लावा.’

मी म्हटलं, ‘मी? अहो, मी वेलांट्या बघणारा माणूस.’

‘जमला तर संपादकाची खुर्ची तुमची. नाही जमला तर तो शेवटचा अंक. माझ्याने आता होत नाही.’ आणि डोळे मिटून घेतले की हो त्यांनी. एकतीस वर्षांचं मासिक माझ्या मांडीवर ठेवून स्वतः मोकळे!

मी म्हटलं, ‘पण निवडायचं कसं?’

तर डोळे न उघडता म्हणतात, ‘सोपं आहे. लेख वाचायचा. घरी जाऊन बायकोला सांगायचा. अर्ध्यात थांबायचं. ती ‘मग?’ म्हणाली, तर घ्यायचा. ‘बरं’ म्हणाली, तर टाकायचा. आणि ‘हं’ म्हणाली, तर टाकायचा आणि दोन दिवस गप्प बसायचं.’ एकतीस वर्षं हीच पद्धत. आतून काकू म्हणाल्या, ‘आणि अंकावर नाव कुणाचं असतं तेही सांगा त्यांना.’ थोरल्यांना तेवढ्यात खोकला आला.

तर मी घरी आलो ते दोन पिशव्या घेऊन. दोनशे चौदा लेख! आणि हातात तेरा दिवस.

आता तुम्हाला एक खरं सांगतो, हसू नका. मी सव्वीस वर्षं रोज आठ तास वाचतोय, पण वाचलं असं कधीच नव्हतं. मुद्रितशोधक वाचत नाही हो, तो बघतो. ‘समुद्र’ असा शब्द आला तर मला समुद्र दिसत नाही, मु ऱ्हस्व आहे ना एवढंच दिसतं. किती समुद्र डोळ्यांखालून गेले असतील माझ्या, एकाचंही पाणी अंगावर उडालं नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून बसलो, आणि काय सांगू... ऑक्टोपसला तीन हृदयं असतात! पाकोळी नावाचा पक्षी दहा दहा महिने खाली उतरतच नाही, खाणं वर, झोपणं वर, सगळं वर. एका लिफ्टवाल्याने लिहिलं होतं की लिफ्ट अडकली की माणसं आधी घड्याळ बघतात, मग आरसा, आणि मग एकमेकांकडे. एका बाईने चाळीस वर्षं रोज दुपारी तीन वाजता एकाच खिडकीतून आभाळाचा रंग वहीत लिहून ठेवला, कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवलाही नाही. गंज कसा चढतो यावर एकाने नऊ पानं लिहिली होती आणि नवव्या पानावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गंजावर! कुठून कुठून शोधून काढतात लोक. आणि हे सगळं इतकी वर्षं माझ्या टेबलावरून जात होतं, आणि मी आपला रफार शोधत बसलो होतो.

बरं, मला सगळंच आवडतंय म्हटल्यावर निवडणार काय? मग आली ती परीक्षा. आमची ही दातांच्या दवाखान्यात बसते, बाहेरच्या टेबलावर. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, नाव पुकारायचं. एकोणीस वर्षं. संध्याकाळी साडेसहाला ती घरी येते आणि सातला मी सुरू करतो.

‘अगं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.’

‘बरं.’

‘अगं, तीन.’

‘ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?’

‘दोन.’

‘मग?’

मी उडालोच! ‘मग’ म्हणाली म्हणून कागदावर खूणही केली... मग लक्षात आलं, ते कुकरला होतं.

पाकोळी सांगितली. ‘बरं.’ लिफ्टवाला सांगितला. ‘बरं.’ गंज सांगितला, आवाज दाटून आला माझा, ती म्हणाली, ‘तुम्हाला सर्दी झालीय का?’ आठ दिवस गेले, नऊ गेले. मी जागा बदलून बघितली, जिन्यात सांगितलं, गॅलरीत सांगितलं, एकदा न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून सांगितलं, आतून पाण्याचा आवाज आणि ‘बरं.’ वर आणखी एक त्रास, दुसऱ्या पिशवीतले लेख मी ठेवले तसे सापडत नव्हते, खालचे वर, वरचे गायब, दुसऱ्या दिवशी परत हजर, आणि कागदांना लवंगेच्या तेलाचा वास. म्हटलं, डोकं चाललं आपलं.

अकराव्या दिवशी माझा धीर सुटला. तिला म्हटलं, ‘तू दगड आहेस का? एकतीस वर्षांचं मासिक बुडायला आलंय, आणि एका, निदान एका लेखाला तू ‘मग’ म्हणू नयेस? मुंगीच्या पायांना काठ्या बांधल्या त्यांनी. तुला काहीच वाटत नाही?’

तर म्हणते कशी, ‘वाटलं की. फार वाटलं. पण मी ते मंगळवारीच वाचलंय.’

म्हटलं, ‘काय?’

‘दुसरी पिशवी. मग पहिली. रोज पंधरा-वीस नेत होते दवाखान्यात. आणि शेवट माहीत असलेल्या गोष्टीला ‘मग’ कसं म्हणायचं हो? आणि तुम्ही सांगता तरी कसं... आधी शेवट सांगता, मग लेखात कुठे काना राहिलाय ते सांगता. पाकोळीचं सांगताना तुम्ही तीन वेळा म्हणालात, ‘पाकोळी’तला ळी दीर्घ आहे. पक्षी कुठे गेला ते सांगितलंच नाहीत.’

आणि उठली, पर्समधून दातांच्या एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. आत लेख. मोजले. अकरा.

मी म्हटलं, ‘हे कुणी ठरवलं?’

‘पेशंटनी,’ ती म्हणाली. ‘माझ्यासमोर रोज तीस-चाळीस माणसं येऊन बसतात. प्रत्येकाचं काहीतरी ठणकतंय, आतून यंत्राचा आवाज येतोय, जीव मुठीत धरून भिंतीकडे बघत असतात. त्यांच्या हातात मी एक लेख देते. मग त्यांचं नाव पुकारते. लगेच उठले, तर लेख सुमार. आणि ‘एक मिनिट’ म्हणाले, तर चांगला.’

माझा आ वासलेला, दवाखान्यात असतो तसा. प्रत्येक लेखाच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं. लिफ्टवाल्यावर: ‘उजवी दाढ, सुजलेली. दोनदा पुकारलं, उठले नाहीत.’ ऑक्टोपसवर: ‘बाबांनी मुलीला वाचून दाखवला. रडायची थांबली. चौथं हृदय का नाही, असं डॉक्टरांना विचारलं.’ गंजावर: ‘दोघींनी मिळून वाचला. ओळख नव्हती. जाताना फोन नंबर घेतले.’ पाकोळीवर: ‘डॉक्टर स्वतः बाहेर येऊन वाचत उभे. आत पेशंट तोंड उघडून.’ आणि मुंगीवर, तुम्हाला सांगतो, मुंगीवर लिहिलं होतं: ‘आजोबा जाताना पावलं मोजत गेले.’

पिशव्या उलट्या करून बघितल्या, तर नाकारलेल्यांवरही शेरे होते. त्यात मी पहिल्या क्रमांकाला धरलेला लेख, स्वल्पविरामाचा इतिहास. त्यावर लिहिलं होतं: ‘अर्धं पान वाचून स्वतःहून आत गेले. नाव पुकारायच्या आधी.’

आणि त्या आभाळाचा रंग लिहिणाऱ्या बाईंचा लेख पाकिटात सगळ्यांत खाली होता. त्यावर एवढंच: ‘फोन तीनदा वाजला. उचलला नाही. मी.’

तो शेरा मी पुन्हा वाचला. एकोणीस वर्षं ही त्या टेबलामागे बसून माणसं वाचतेय, आणि मला वाटायचं ही नावं पुकारते. कुठून कुठून शोधून काढतात लोक... आणि इथे तर शोधणारी माझ्यापासून चार हातांवर कपड्यांच्या घड्या घालत होती.

शुक्रवारी ते पाकीट घेऊन मी थोरल्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला. पहिला लेख. दुसरा. तासभर झाला, चेहरा कोरा, मी आपला पंख्याकडे बघतोय. काकू आल्या, एका हातात पाणी, एका हातात दुखण्यावरची गोळी. म्हणाल्या, ‘वेळ झाली. मघापासून कण्हत होतात ना?’

थोरले पान न सोडता म्हणाले, ‘एक मिनिट.’

मी मनात म्हटलं, झालं काम.

सगळे अकरा संपवून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘एकतीस वर्षांत माझ्याकडून असा अंक लागला नाही. निवड कुणाची?’

आता बघा हं. खोलीत तिसरं कुणी नाही. काकू आत गेलेल्या. सव्वीस वर्षं वेलांट्या बघितल्यावर खुर्ची समोर आहे, आणि फक्त एक शब्द म्हणायचाय. तोंड उघडलं मी. ‘मा...’ इथपर्यंत आलोही. आणि डोळ्यांपुढे तो पेन्सिलीतला शेरा, फोन तीनदा वाजला, उचलला नाही, मी... ‘मा... माझ्या बायकोची,’ म्हटलं.

थोरले म्हणाले, ‘त्यांना सोमवारपासून पाठवा.’

‘आणि मी?’

‘तुम्ही आहातच की. वेलांट्या कोण बघणार?’

तर सध्या असं आहे. सकाळी ती मासिकात येते, काचेमागच्या संपादकाच्या खुर्चीत बसते, दुपारनंतर दवाखाना, तो सोडायला तयार नाही, म्हणते, ‘दवाखाना सोडला तर लेख तपासायचे कुणावर?’ मासिक चाललंय, दोन अंक संपलेसुद्धा. अंकावर तिचं नाव असतं, आणि ते नाव बरोबर छापलंय ना, हे मी दर महिन्याला तपासतो.

आणि मला वाटलं, आपणही एक लिहावा. हे जे आत्ता तुम्हाला सांगितलं ना, हेच सगळं लिहून काढलं, पिशव्या, कुकर, एक्स-रेचं पाकीट, आणि रीतसर तिच्या टेबलावर ठेवलं. शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही, पैज लावतो. तिसऱ्या दिवशी परत आलं. कोपऱ्यात पेन्सिलीने: ‘विषय चांगला आहे. पण लेखातल्या बाईंबद्दल लेखकाला फारशी माहिती दिसत नाही. त्यांना भेटून, नीट बोलून पुन्हा लिहावा.’

खोटं काय होतं त्यात? चोवीस वर्षं लग्नाला झाली, आणि त्या आभाळाच्या लेखाला तिने फोन का उचलला नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, ‘अगं, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं. लेखासाठी. कधी बसूया?’

तिने हात पुसले, फ्रिजवरची डायरी काढली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, ‘मंगळवारी सव्वाचार चालेल? त्याआधी सगळं भरलंय. आणि दहा मिनिटं आधी या.’

मी म्हटलं, चालेल. चोवीस वर्षं उशीर झालाच आहे, निदान दहा मिनिटं तरी आधी जाऊ.