पाच हजारांच्या पुढचा आवाज

अल्लाबक्ष : ...आन् वर सांगतीस सिग्नल जनरेटर बरा झाला! अगं, दोनदा उघडलंय मी ते मशीन. आतली आयसी चिप बदलली. खालचे आवाज नीट देतंय, पाच हजार हर्ट्झच्या पुढं गेलं की मुकं.

अंकिता : चाचा, तुम्ही काढून टाकलेली आयसी चांगली होती. बिघाड दुसरीकडंच होता. खोक्याला हात लावला की मुंग्या यायच्या ना?

अल्लाबक्ष : यायच्या की. स्वस्तातलं मशीन, मुंग्या फुकटात.

अंकिता : त्याला अर्थिंगच नव्हतं. आता तीन पिनांची वायर लावलीय. आतला पॉवर सप्लाय काढून साधा ट्रान्सफॉर्मर घातला, त्यानं घरघर गेली. सूर पक्का धरणारा क्रिस्टल पण चांगल्यातला टाकला. आता हजार म्हटलं की बरोब्बर हजार. साताऱ्याला आमच्या कंपनीतल्या मोठ्या मशीनला लावून बघितलंय मी.

अल्लाबक्ष : क्रिस्टलचं लय कौतुक तुला. इस्लामपुरातले निम्मे रेडिओ मी नुसत्या कानानं जुळवलेत.

अंकिता : माहितीय की. सोल्डरिंग ह्याच टेबलावर शिकले मी. हा स्कोप बघा, पडद्यावर लाट कशी स्वच्छ दिसतीय. सहा हजारला पण.

अल्लाबक्ष : चित्र नको दावू. आवाज ऐकव. तो स्पीकर जोड.

अंकिता : जोडला. हे पाचशे.

अल्लाबक्ष : हां.

अंकिता : हजार. दोन हजार. तीन.

अल्लाबक्ष : येतंय, येतंय. घरघर गेली खरं. हात चांगला हाय तुझा.

अंकिता : चार.

अल्लाबक्ष : लय बारीक झालं.

अंकिता : पाच. सहा.

अल्लाबक्ष : बघ! म्हणलं न्हवतं? गेलं! खोल ते मशीन परत... अंकिता, तोंड का वाकडं केलंस?

अंकिता : काही नाही.

अल्लाबक्ष : मग कानावर हात कशाला?

अंकिता : आवाज कमी करते जरा.

अल्लाबक्ष : कसला आवाज?

अंकिता : चाचा...

अल्लाबक्ष : वाजतंय व्हय ते?

अंकिता : वाजतंय. लय कर्कश वाजतंय.

(अल्लाबक्ष खुर्ची ओढून स्पीकरला कान लावतो.)

अल्लाबक्ष : बंद केलास का?

अंकिता : चालूच आहे.

अल्लाबक्ष : त्या खालच्या फळीवरचा निळा डबा दे. केरबाचे ट्विटर हायत त्यात.

अंकिता : मांडववाला केरबा?

अल्लाबक्ष : त्योच. गणपतीआधी त्यानं स्पीकरचे बॉक्स तपासाया आणले हुते. त्यात बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, हे चार ट्विटर. ह्याच मशीनवर लावले, चारीबी गप्प. मी म्हणलो, जळालेत. नवे बसवले, तर तेबी गप्प. केरबा म्हणाला, नवे वाजत्यात की झकास. तवा मला वाटलं, जुने तपासल्यावर मशीन बिघडलं. जुने परत लावून बघायचं सुचलंच न्हाई.

अंकिता : लावते. हा पहिला... वाजतोय.

अल्लाबक्ष : दुसरा?

अंकिता : वाजतोय.

अल्लाबक्ष : ऱ्हाऊ दे. न्हाई, लाव. चारी लाव.

अंकिता : चारी चांगले आहेत, चाचा.

अल्लाबक्ष : या अल्ला.

अंकिता : एवढं काय त्यात? आहेत तसे नेऊन देऊ परत.

अल्लाबक्ष : ट्विटरचं न्हाई गं. केरबानं इचारलं, चार एकदम कसे जळाले? मी म्हणलो, तुझ्या ऑपरेटरनं अँप्लिफायर ताणलाय. शंभूराजनं. त्याच्या तोंडावर म्हणलो. त्यो म्हणत हुता, चाचा, मी काटा लालमधी जाऊ देत न्हाई. मी म्हणलो, मला शिकवतोस?

अंकिता : मग काढलं त्याला?

अल्लाबक्ष : ऐन गणपतीत. माझा शब्द म्हणल्यावर केरबा दुसऱ्या कुणाला इचारतोय व्हय? आता दुसरा कुठला मांडववाला त्याला घेईना. ह्यो ट्विटर जाळतो म्हणत्यात. दोन लेकरांचा बाप, दहिवडीकडं भावाची मेंढरं राखतोय. माझ्यामुळं.

अंकिता : चाचा, ऐका माझं. मशीन खरंच बिघडलेलं होतं. अर्थिंग नव्हतं, घरघर होती. तेवढंच सांगा. मशीननं फसवलं म्हणा. शंभूराजचं नाव पण साफ होईल. कोण तपासायला येतंय?

अल्लाबक्ष : तू सांगशील असं खोटं? तुझ्या कंपनीत?

अंकिता : माझं सोडा. कानाचं कळलं तर दुकानात कोण येईल? निम्मं काम स्पीकरचंच आहे तुमचं.

अल्लाबक्ष : ठावं हाय. भ्या वाटतंय मला, खोटं कशाला बोलू? दुकान गेलं तर मी सकाळी उठून जायचं कुठं? पन मशीनवर ढकललं, तर लोक काय म्हणतील? मशीन दुरुस्त झालं, आता चाचा सांगतोय ते खरं. आन् उद्या मी परत कुणाचं तरी जळालं म्हणून सांगायचो. परत एक शंभूराज घरी बसायचा.

अंकिता : मी रविवारी येत जाईन. वरचे आवाज मी ऐकीन. आणि स्कोप इथंच ठेवते. कानाला नाही आलं तरी डोळ्याला दिसतंय की त्यात.

अल्लाबक्ष : शिकव ते. शिकतो मी. पन मागनं. आधी केरबाला फोन लाव.

अंकिता : आत्ता? थोडं पाणी तरी प्या.

अल्लाबक्ष : पाणी पिऊन बसलो तर मन फिरंल माझं. लाव.

अंकिता : लागला. घ्या.

अल्लाबक्ष : केरबा, अल्लाबक्ष बोलतोय... व्हय, बरा हाय. शंभूराजचा नंबर दे मला... त्याचं काय चुकलं न्हवतं रं. तुझे चारीबी ट्विटर चांगले हायत, आत्ता लावून बघितले... न्हाई, न्हाई. मशीनला काय झालं न्हाई, केरबा. मलाच ऐकू येत न्हाई.